नातेवाईक (अवघड)

अल हैल, मस्कत
रविवार, दुपार

श्री. रा. रा. कृष्णकांत भावजी यांस,

थोरल्या वहिनीचा नमस्कार. तुम्ही निवृत्त मुख्याध्यापक, म्हणून नमस्कार. आणि मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुम्ही थुंकी लावून पाटी पुसत होता, म्हणून आशीर्वादही. दोन्हींतला जो मानवेल तो घ्यावा. इथे सगळे खुशाल आहोत. माझे गुडघे जिन्यावर बोलतात, सपाटीवर गप्प बसतात, आणि अल हैल म्हणजे सगळी सपाटी, त्यामुळे बरं चाललंय. श्यामलाचं पित्त कसं आहे? तिला म्हणावं, उपाशीपोटी चहा ढोसणं सोड. (मी स्वतः दोन कप ढोसते, पण मला पित्त होत नाही. मी दुसऱ्याचं खवळवते.) तुमच्या डाव्या हाताला मुंग्या येत होत्या त्या गेल्या का तेही कळवा. आणि एक आधीच सांगून ठेवते. मी चौथी पास, तीही कशीबशी, तेव्हा हे पत्र लाल शाईने तपासून परत पाठवू नये. मागच्या वेळी पाठवलंत ते मी फ्रीजवर लावलं होतं, तर येणारे-जाणारे विचारायचे, नातीचा मराठीचा पेपर का म्हणून. नात इरा इंग्रजी शाळेत जाते, तिला फार वाईट वाटलं.

उत्तम सुट्टीवरून परत आला. (आपल्या वाडीतला, बरक्याला दुकानात असतो तो.) त्याने तुमचं पत्र आणि श्यामलाने दिलेलं कुळथाचं पीठ, दोन्ही एका पिशवीतून आणलं. पिठाला पत्राचा कडवटपणा लागला नाही हे नशीब. तुमचं म्हणणं मी तीनदा वाचलं. म्हणता, आमचा मुलगा अजिंक्य छत्तीस वर्षांचा झाला. दोन वर्षांपूर्वी इस्पितळातून घरी आला तेव्हापासून बरा आहे. गोळ्या घेतो, कोणाला त्रास देत नाही. पण आम्ही दोघं आता पिकली पानं, आमच्या मागे त्याचं कोण. तेव्हा कर्जतकडच्या एका संस्थेत त्याला कायमचा ठेवावा. महिनाअखेरपर्यंत त्यांनी एक खाट धरून ठेवली आहे. फॉर्म सोबत जोडला आहे, त्यात एक रकाना आहे की हा माणूस स्वतःच्या पायावर राहायला असमर्थ आहे असं कोणी जाणकाराने लिहून द्यावं. तिथे माझ्या सुनेची, म्हणजे धनंजयच्या पूर्वाची, सही आणि शिक्का हवा, कारण परदेशातला शिक्का बघितला की तिकडे माणसं खुर्चीवरून उठतात. आणि ती सही मी मिळवायची, कारण सून माझी. तर ती सही आणायला मी कशी गेले आणि काय घेऊन आले, ते सांगते. जरा लांबेल. तुम्हाला दुपारचा वेळ तसाही जात नाही.

पूर्वा इथे काय करते हे तुम्हाला नीट ठाऊक नाही. मलाही चार वर्षं नव्हतं. मी आपली सगळ्यांना सांगायचे, ती डॉक्टरसारखं काहीतरी असते. आता समजलं. मनाच्या आजारातून उठलेल्या माणसाला डॉक्टर गोळ्या देतो आणि घरी धाडतो. पुढे त्याने दिवसभर काय करायचं, कामाला कुठे लागायचं, बसमध्ये गर्दीला घाबरला तर काय करायचं, गोळ्या संपल्या तर कोणाला सांगायचं, हे बघायला त्याला एक माणूस नेमून देतात. त्या माणसाला म्हणतात केस मॅनेजर. (आपल्याकडे हे काम आत्याबाई करायच्या, न बोलावता आणि न थांबता.) तर असे केस मॅनेजर तयार करायचं काम पूर्वाचं. सहा आठवडे लागतात म्हणे. मी म्हटलं, अगं, माणसाची विचारपूस करायला सहा आठवडे? मी विहिरीवर एक घागर भरेपर्यंत चार घरांची करून यायचे. ती हसली. शिकली-सवरलेली सून हसली की समजावं, आपल्याला काहीतरी दाखवायचं हिच्या मनात आहे.

तिचं केंद्र बरक्याच्या वाटेवर, खजुरीच्या बागांच्या मागे आहे. एका गुरुवारी फॉर्म पिशवीत घालून मी पूर्वाबरोबर गेले. बघते तर बारा मोठी-मोठी माणसं बाकावर बसलेली, आणि भिंतीवर चित्र टाकून शिकवणं चाललेलं. काय शिकवणं, तर कोणाच्या घरी गेलं की बेल वाजवून किती मागे सरकून उभं राहायचं. दोन पावलं. विशाखा म्हणून पुण्याची एक मुलगी आहे, पदरात दोन पदव्या आणि तिसरी पोटात. तिने 'दोन पावले' असं लिहून त्याखाली पट्टीने रेघ मारलेली मी डोळ्यांनी पाहिली. पुढे चपला कुठे काढायच्या ह्यावर अर्धा तास. घरच्यांनी खायला दिलं तर किती खायचं ह्यावर पाऊण तास, आणि त्यावर वाद. मला वाटलं, अरे, ह्यांना आया नाहीत का? मधल्या सुट्टीत उमामा म्हणून एक ओमानी पोर माझ्या शेजारी येऊन बसली आणि कहवा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, इवल्याशा पेल्यात ओतू लागली. मी प्यायले. तिने पुन्हा ओतला. भरलेला पेला मागे सारणं माझ्या आईने शिकवलं नाही, मी पुन्हा प्यायले. असे नऊ झाले. नको असेल तर पेला नुसता हलवायचा असतो, एवढं एक वाक्य त्या बारा विद्वानांतल्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही. बेलपासून दोन पावलं मात्र सगळ्यांना ठाऊक.

सहीचं म्हणाल तर पूर्वाने फॉर्म उभ्या-उभ्या वाचला, घडी केली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. म्हणाली, आई, अजिंक्य भाऊजींशी बोलल्याशिवाय ते काय करू शकतात नि काय नाही हे मी कसं लिहू? मी म्हटलं, त्यात बोलायचं काय, भावजींनी सगळं लिहिलंय की. तिने ड्रॉवर बंद केला. मग म्हणाली, थांबलाच आहात तर एक मदत करा. आज सरावाला एक नातेवाईक येणार होत्या, त्या आल्या नाहीत. तुम्ही फक्त खुर्चीवर बसा आणि घरच्यासारखं बोला.

सराव म्हणजे नाटकच हो. एकाने रुग्ण व्हायचं, एकाने त्याचा नातेवाईक, आणि शिकणाऱ्याने येऊन प्रश्न विचारायचे. रुग्ण झाला होता रामकृष्ण, केंद्राचा ड्रायव्हर. आपल्या देवगडकडचा, गेली अकरा वर्षं हीच गाडी चालवतो, वय पन्नास. त्याला तेहतिशीचा मुलगा केलेला आणि मला त्याची आई. मला एक चिठ्ठी दिली, इंग्रजीत. रामकृष्णने वाचून सांगितली, की बाई काळजी करणारी आहे, अधूनमधून डोळ्यांना पदर लावते. मी ती चिठ्ठी बाजूला ठेवली. म्हटलं, पदर-बिदर मला जमायचं नाही, पण माझ्याकडे घरचा नमुना आहे. आणि भावजी, रागावू नका, मी तुम्हाला घेतलं. पूर्वाचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला, दोनदा घसा साफ केला, अंगठ्याने टेबलावर ठक-ठक केलं आणि म्हटलं, विचारा.

पहिली आली विशाखा. दोन पावलं मागे उभी राहिली, नमस्कार केला, बसली, कागद काढला. रामकृष्णला म्हणाली, आपलं नाव? मी म्हटलं, रामकृष्ण. झोप लागते का? नऊ तास, मध्ये एकदा पाण्याला उठतो. जेवण? व्यवस्थित. काय आवडतं? दूधभात. (रामकृष्णला दुधाच्या वासाने मळमळतं, हे मला नंतर समजलं, तेव्हा तो गरीब गाईसारखी मान हलवत होता. जातिवंत नट.) दिवसभर काय करता? पेपर वाचतो, मी मोठ्याने वाचतो नि तो ऐकतो. कशाची भीती वाटते का? छे, मी आहे ना. पुढे काय करावंसं वाटतं? त्याला काही वाटत नाही, तो समाधानी आहे. असे अकरा प्रश्न आणि अकरा उत्तरं, वीस मिनिटांत सगळे रकाने भरले. विशाखाने माझे आभार मानले आणि शेवटच्या चौकोनात लिहिलं, की कुटुंबाचं सहकार्य उत्तम. माझी छाती फुगली. मला वाटलं, मी पास झाले.

पूर्वाने कागद घेतला, वाचला, आणि विशाखाला शांतपणे विचारलं, ह्यात रामकृष्ण काय म्हणाला ते एक वाक्य दाखव. विशाखाने कागद उलटा केला, सुलटा केला. मागच्या बाजूलाही बघितलं. मग म्हणाली, पण मॅडम, ते काही बोललेच नाहीत. वर्गात कोणीतरी फिसकन हसलं. मी मनात म्हटलं, बोलेल कसा? मी होते ना.

मग आली उमामा, ती कहवेवाली. इथून लांब, किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याची आहे. हिंदी बोलते ती दुकानदारांकडून आणि टीव्हीवरून उचललेली, तिला आगापिछा काही नाही, पण मायेची. तिने बेलबिल काही वाजवली नाही. खुर्ची उचलली आणि रामकृष्णच्या समोर नेऊन ठेवली, म्हणजे माझ्याकडे तिचा खांदा आला. मी लगेच घसा साफ केला. तर ती वळून, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "अम्मा, आप का बात मैं बाद में सुनेगा, पूरा सुनेगा. अभी इस का बारी." इतक्या मऊपणाने मला आजवर कोणी गप्प केलेलं नाही. तुमच्या भावाने तर प्रयत्नच सोडला होता. मग तिने रामकृष्णला एकच प्रश्न विचारला. कल से एक चीज बदलने का हो, तो क्या बदलेगा?

आणि गप्प बसली. भावजी, गप्प म्हणजे किती गप्प. एसीची घरघर ऐकू यायला लागली. मी तीनदा तोंड उघडलं. तिने बघितलंही नाही, नुसता तळवा वर केला. विशाखाने घड्याळाकडे बघितलं. बाहेर कोणीतरी यल्ला-यल्ला (म्हणजे चला-चला) करत गाडी मागे घेत होतं, ती मागे घेऊन झाली. रामकृष्ण आपला गुडघा खाजवतोय. मला वाटलं, हा विसरला काय सांगायचं ते, बिचाऱ्याला कोणीतरी वाचवा. आणि तेवढ्यात तो बोलला, आणि भान सुटून मराठीत बोलला. "मला गाडीत पुढे बसायचंय."

उमामाला काही कळलं नाही. कोणीही माझ्याकडे वळून विचारलं असतं, अम्मा, काय म्हणतो हा? तिने त्यालाच विचारलं. त्याने हिंदीत सांगितलं. हे चिठ्ठीत नव्हतं. नंतर चहाला मी त्याला म्हटलं, अरे, हे कुठून काढलंस? तर म्हणाला, मावशी, अकरा वर्षं आरशात बघतोय. दाढीवाले, पोरंबाळं असलेले बाप्ये, पण घरचे त्यांना मागच्या सीटवर मध्ये बसवतात, एक ह्या बाजूला नि एक त्या बाजूला. मी विचारतो, भाई, एसी कमी करू का? मधल्याचे ओठ हलतात आणि आवाज बाजूच्याचा येतो.

मला त्या दिवशी चहा गेला नाही. तुम्हाला आठवतं का, दोन वर्षांपूर्वी अजिंक्यला इस्पितळातून आणायला जीप केली होती, मी तेव्हा गावी आले होते. पुढे तुम्ही. मागे खिडकीशी श्यामला, ह्या खिडकीशी मी, आणि मध्ये तो. बरा होऊन घरी येत होता पोरगा, पळून कुठे जाणार होता? पण हातखंब्यापासून अंगणापर्यंत मी त्याचा दंड धरून होते. वाटेत जीपवाल्याने विचारलं, चहा घ्यायचा का? तुम्ही म्हणालात, तो चहा घेत नाही. अजिंक्यने माझ्याकडे बघितलं. तो चहा घेतो हे मला पक्कं ठाऊक होतं. लहानपणी माझ्या बशीतला चोरून प्यायचा. आणि मी म्हटलं, हो, नाही घेत.

असो. सांगायची गंमत वेगळीच आहे. त्या दिवशी मला टाळ्या पडल्या. पूर्वाच्या वरच्या बाई मागे उभ्या राहून बघत होत्या, त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांत इतका अस्सल नातेवाईक आम्हाला मिळाला नाही, ह्यांना सोडू नका. तेव्हापासून ह्या पंधरा दिवसांत माझ्या चार तुकड्या झाल्या (तुकड्या एकाच वेळी बऱ्याच चालतात, माझं काम प्रत्येकीत एका दिवसाचं). मला गळ्यात अडकवायला ओळखपत्र दिलंय, त्यावर माझा फोटो (डोळे मिटलेले), खाली 'सुगंधा', आणि त्याखाली 'नातेवाईक (अवघड)'. अवघड शब्द कंसात आहे, पण अक्षरं ठळक आहेत. मी ते ओळखपत्र घालून भाजी आणायलाही जाते. खाबुऱ्याला एक तुकडी होती तिथे मला खास गाडीने नेलं (पुढच्या सीटवर, मी सांगूनच बसले), आणि उमामाच्या आईने येताना ताजी सुरमई दिली, ही एवढी. मध्यंतरी मला सर्दी झाली तेव्हा माझ्या जागी धनंजयच्या साहेबांची बायको आणली होती. दुसऱ्या मिनिटाला रुग्णाला बोलू दिलं तिने. असल्यांना कशाला बोलवायचं? माझ्यासमोर परवा एक उंचापुरा बाप्या आला होता, टाय लावून. सातव्या प्रश्नाला तो मलाच विचारायला लागला, की अम्मा, मी आता निघू का? आजवर तुम्हाला अंगात घेऊन मी सात जण नापास केलेत, भावजी. तुमचं नाव मी कोणाला सांगत नाही. पण चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला की पोरं वह्या सावरून बसतात.

तुम्ही म्हणाल, वहिनी, ही आमची चेष्टा. असेल. पण माझ्या सात नापासांचंही मला काही कौतुक नाही. रकाने भरणारी माणसं आहेत ती. रकाना रिकामा दिसला की त्यांना घाम फुटतो, आणि शेजारी तुमच्या-माझ्यासारखा कोणी उत्तर तयार ठेवून बसलेलाच असतो. तुमच्या कर्जतच्या फॉर्मचंही तेच. चार पानांचा फॉर्म, त्यात अजिंक्यचं वजन आहे, रक्तगट आहे, पित्याची जमीन किती तेही आहे. अजिंक्यला काय वाटतं ह्याला एक ओळ नाही. पूर्वाला मी काल पुन्हा विचारलं. ती म्हणाली, आई, ज्या माणसाने दोन वर्षं एकही गोळी चुकवली नाही त्याला असमर्थ म्हणून मी सही करायची, तर आधी मला माझी पदवी परत करावी लागेल. तेव्हा फॉर्म कोरा परत पाठवते आहे. माझी सही चालत असेल तर सांगा, पण ती मी त्या रकान्यात करणार नाही, समासात करीन आणि समासात काय लिहीन ते तुम्हाला आवडायचं नाही.

आता मी ठरवलंय ते ऐका. अजिंक्य कर्जतला जाणार नाही. त्याला घरीच राहायचं आहे, हे मी तुम्हाला छातीठोक सांगते, मी त्याला पाळण्यापासून ओळखते. गोळ्यांचं कपाट तुम्ही कुलपात ठेवता, ते कुलूप काढा. त्याच्या गोळ्या त्याच्या खोलीत, त्याच्या डब्यात. गोळी गिळल्यावर जीभ वर करून दाखवायला लावता तेही बंद. न्हाव्याला घरी बोलावून त्याची दाढी करवता, त्याला वस्तरा द्या, छत्तिसाव्या वर्षी गाल कोणाचा आहे हे त्याला ठाऊक असतं. बागेचं पाणी त्याच्याकडे द्यावं. रविवारी बाजारात एकट्याने पाठवावं, मागून श्यामलाला पाठवू नये. पडवीतली तुमच्या शेजारची खुर्ची त्याची. एवढं केलंत की तो सुखाने घरी राहील आणि तुमच्या मागे धनंजय आहे, पूर्वा आहे, मी तर शंभर वर्षं जगणारच आहे. सगळा विचार करून ठेवलाय मी. त्याला काही बघायला नको.

श्यामलाला जवळ घेतल्यासारखं सांगा. कुळथाची पिठी केली, इरा म्हणाली की हे सूप थोडं मातीसारखं आहे पण नाइस आहे. पत्राचा राग आला तर दोन दिवस ठेवून पुन्हा वाचा. राग तितकाच येईल, पण वाचून होईल.

तुमची
सुगंधावहिनी

ता. क. पाकीट चिकटवलं होतं ते फोडून हे लिहिते आहे, म्हणून कडेला फाटलंय. मनात आलं, एवढं सगळं ठरवलं तर पोराला आनंदाची बातमी आधी द्यावी. श्यामलाच्या फोनवर लावला, ती म्हणाली तुम्ही झोपला आहात, म्हटलं झोपू दे, अजिंक्यला दे. त्याला मी गोळ्यांच्या डब्यापासून पडवीतल्या खुर्चीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "काकू, हे विचारायला फोन केलास की सांगायला?"

चार तुकड्या शिकवलेली मी, ओळखपत्र गळ्यात असलेली. मला त्याने एका वाक्यात नापास केलं. मग मी विचारलं आणि गप्प बसले. पैशाचा फोन चालू आणि मी गप्प, असं माझ्या जन्मात झालेलं नाही. किती वेळ गेला देव जाणे. आणि भावजी, त्याला कर्जतला जायचं नाही, हे माझं बरोबर आलं. पण त्याला घरीही राहायचं नाही. आपले काजू उचलायला दरवर्षी लांज्याचा जो कारखानदार येतो, त्याच्याशी ह्या मोसमात तुम्ही दुपारी आडवे झालेले असताना पडवीत त्याचं बोलणं झालंय. पाकिटं वजन करून बंद करायचं काम. कारखान्यामागे कामगारांच्या खोल्या आहेत, त्यांतली एक दोघांत मिळून. रात्रीच्या गोळीने सकाळी डोळा उघडत नाही, म्हणून त्याने आपण होऊन दुपारी बारा ते रात्री आठची पाळी मागून घेतली. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी नव्या आणायला रत्नागिरीला इस्पितळात जायचं, ती सुट्टीही आधीच सांगून ठेवली आहे. काय आजार होता तेही कारखानदाराला त्यानेच सांगितलं. शनिवारी रात्री मुक्कामाला घरी येणार, मासे करून ठेवा म्हणतो. बसला भीती वाटते का, हे मी विचारलं. म्हणाला, वाटते. म्हणून शाळा-कचेऱ्यांची वेळ टळल्यावरची दहाची गाडी पकडणार, तिला गर्दी नसते. तीन महिने त्याने हे सगळं मनात धरून ठेवलंय. मी म्हटलं, अरे, बोलला का नाहीस? तर म्हणाला, कोणी विचारलं नाही आणि मध्ये बोलायला जागा नव्हती.

आणखी एक ता. क. आता खरं काय ते. पहिल्या तारखेपासून तो कामाला लागतोय. तुमची परवानगी मागायला मी हे लिहीत नाही. ती मागायची की नुसतं सांगायचं, हे तो बघेल. त्याने माझ्याकडून एकच वचन घेतलं, की बाबांना मी सांगणार, तू माझ्या आधी सांगायचं नाही. म्हणून फोन नाही, गावी जाणाऱ्या कोणाच्या हाती नाही, धनंजयच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढूनही नाही. हे पत्र साध्या टपालाने टाकते आहे, साधं टपाल इथून आपल्या वाडीत पोचायला तीन आठवडे तरी घेतं, मी विचारून आले आहे. म्हणजे हे तुमच्या हातात पडेल तोवर कर्जतची खाट दुसऱ्या कोणाची तरी झालेली असेल, त्याचं सांगून झालेलं असेल, आणि तुम्हाला समजवायला मी जी नऊ पानं खरडली ती सगळी फुकट गेलेली असतील. तरी पाठवते. लिहिलेलं वाया घालवणं जिवावर येतं.

तेव्हा मागणं एवढंच, की तो तुम्हाला सांगत होता तेव्हा तुम्ही काय केलंत ते मला कळवा. ओरडलात तर तसं लिहा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं केलंत तर तेही लिहा, मी हसणार नाही, मी आज तेच केलंय. पण पूर्ण ऐकून घेतलं असेल, तर भावजी, ती ओळ लाल शाईने लिहा.

तोवर तीन आठवडे मला गप्प बसायचं आहे. मध्ये तुमचा फोन आला तर पूर्वा म्हणेल, आई बाहेर गेल्या आहेत. मी तिथेच सोफ्यावर बसलेली असेन, दोन्ही हातांनी तोंडावर पदर दाबून.